वेदनेतले मनोसामाजिक घटक आणि मॅन्युअल थेरपिस्टचं शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिजिओथेरपी, ऑस्टिओपॅथी किंवा कायरोप्रॅक्टिक या हातांनी उपचार (मॅन्युअल थेरपी) करणाऱ्या शाखा शिकणारे, शिकवणारे आणि क्लिनिकमध्ये शिकाऊंवर देखरेख करणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र घेतले आहेत. बरीच उदाहरणं कंबरदुखीची आहेत, कारण या विषयावरचं सर्वाधिक संशोधन तिच्यावरच झालं आहे.

मनोसामाजिक घटक म्हणजे ‘टेन्शन’च ना?

नाही. ताण हा त्यातला एक छोटा तुकडा. आपल्या दुखण्याबद्दल माणसाची समजूत काय आहे (‘वाकलो की मणका सरकेल’), हालचालीची धास्ती किती, आता वाईटातलं वाईटच होणार असं मनाने धरलंय का, हे आपल्याला झेपेल असा भरवसा आहे का, झोप लागते का, मन उदास आहे का, हे सगळं मानसिक बाजूला येतं. कामाचं स्वरूप, वरिष्ठांशी संबंध, घरातल्यांची देखभाल, भरपाईचा रखडलेला दावा, घरचे फार जपतात की दुखण्यावर विश्वासच ठेवत नाहीत, हे सामाजिक बाजूला.

१९९७ साली न्यूझीलंडमध्ये केंडल, लिंटन आणि मेन यांच्या मार्गदर्शिकेतून ‘यलो फ्लॅग’ हा शब्द रूढ झाला. दुखणं रेंगाळण्याची शक्यता वाढवणारे मनोसामाजिक घटक, असा त्याचा अर्थ. पुढे त्यातून वाटण्या झाल्या. कामाविषयीच्या समजुतींना ब्लू, नियम-विमा-व्यवस्थेच्या अडथळ्यांना ब्लॅक आणि मानसोपचाराची गरज असलेल्या आजारांना ऑरेंज फ्लॅग म्हणतात. रंग पाठ नसले तरी चालतं. मात्र यलो आणि ऑरेंज यांतला फरक कळलाच पाहिजे, कारण पहिला तुमच्या कामाचा भाग आहे आणि दुसरा पुढे पाठवायचा असतो.

वेदना शेवटी शरीरात असते की मनात?

प्रश्नाची मांडणीच चुकते. वेदनेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७९ पासून वेदनेला ‘संवेदनिक आणि भावनिक अनुभव’ म्हणते. २०२० च्या सुधारित व्याख्येतही हे दोन्ही शब्द जोडीने आहेत. म्हणजे भावना हा वेदनेच्या व्याख्येचाच भाग आहे, तिच्यावर वरून टाकलेला मसाला नव्हे.

शिक्षणाने दृष्टिकोन घडतो म्हणजे नेमकं कशाने घडतो?

व्याख्यानांपेक्षा वेळापत्रकाने, परीक्षेने आणि केसपेपरच्या छापील रकान्यांनी जास्त. विद्यार्थी हुशार असतो. कशाला गुण आहेत हे त्याला पहिल्या सत्रातच कळतं.

प्रॅक्टिकल परीक्षा पाहा. हात कुठे ठेवला, दाब कोणत्या दिशेने दिला, ग्रेड (हालचालीची मात्रा) कोणती, स्वतःची उभं राहण्याची पद्धत बरोबर होती का, या प्रत्येकाला गुण. तोंडी परीक्षेत ‘कोणता सांधा, कोणता स्नायू, कोणती नस’ हे विचारतात. ‘या रुग्णाला कशाची भीती वाटते?’ हे कुणी क्वचितच विचारतं. केसपेपरवर सांध्याची हालचाल अंशांत, स्नायूंची ताकद ० ते ५ मध्ये आणि विशेष चाचण्यांची अधिक-उणे चिन्हं यांना पानभर जागा असते. मनोसामाजिक इतिहासाला खाली एक ओळ, आणि तिथे बहुतेकदा ‘विशेष काही नाही’ लिहिलेलं.

मग येतं क्लिनिकल पोस्टिंग. उपचारानंतर देखरेख करणारे वरिष्ठ विचारतात, ‘रेंज किती वाढली?’ या एका प्रश्नातून विद्यार्थी जे शिकतो ते तासभराच्या व्याख्यानाने पुसता येत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. बोटांनी चाचपून निदान करायला शिकवलं की बोटांना नेहमी काहीतरी सापडतं. इथे घट्ट, तिथे अडकलेलं. पाठीच्या कण्याच्या हालचाली चाचपण्यात दोन परीक्षकांचा मेळ सहसा कमी बसतो, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. पण क्लिनिकमध्ये दुसरा परीक्षक नसतोच. सापडलेल्या घट्ट जागेवर तंत्र वापरलं, रुग्ण म्हणाला ‘हलकं वाटतंय’, की कारण आणि परिणाम दोन्ही सिद्ध झाल्यासारखे वाटतात. दुखणं आपसूक ओसरण्याचा काळ होता का, स्पर्शाने आणि विश्वासाने बरं वाटलं का, हे तपासायची सवय कुणी लावलेली नसते.

पण जैव-मनो-सामाजिक प्रारूप तर अभ्यासक्रमात असतं. मग अडतं कुठे?

आजाराकडे शरीर, मन आणि समाज या तिन्ही बाजूंनी एकत्र पाहणारं हे प्रारूप जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये मांडलं आणि गॉर्डन वॉडेल यांनी १९८७ मध्ये ते कंबरदुखीला लावलं. तेव्हापासून हा शब्द पाठ्यपुस्तकांत स्थिरावला. त्याआधीच, १९६५ मध्ये, मेल्झॅक आणि वॉल यांच्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धांताने मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांना वेदनेत जागा दिली होती. त्यामुळे माहितीचा तुटवडा हे कारण देता येत नाही.

अडतं ते मांडणीत. हा भाग बहुधा पहिल्या वर्षी, बाहेरून आलेले मानसशास्त्राचे शिक्षक शिकवतात. मॅन्युअल तंत्रं तिसऱ्या-चौथ्या वर्षी दुसरेच शिक्षक शिकवतात आणि दोघांची गाठ पडत नाही. परिणामी विद्यार्थ्याला परिभाषा येते, पण पलंगाजवळ उभं राहून काय बोलायचं ते येत नाही. आणि मनोसामाजिक घटक हा उरलेल्या गोष्टींचा गठ्ठा बनतो. आधी सांधा, मग स्नायू, मग नस, आणि सहा भेटींनंतरही फरक नसेल तर ‘यांचं काहीतरी मानसिक आहे’. तोपर्यंत उशीर झालेला असतो आणि रुग्णाला ते ऐकू येतं आरोपासारखं.

२०१५ मध्ये सिनॉट आणि सहकाऱ्यांनी फिजिओथेरपिस्टच्या मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात हेच चित्र दिसतं. थेरपिस्टना हे घटक अर्धवट ओळखू येतात, यांत्रिक बाजू हाताळणं त्यांना सोयीचं वाटतं, काहींच्या बोलण्यात अशा रुग्णांविषयी नकारात्मक शिक्का दिसतो आणि मूळ शिक्षणाने आपल्याला यासाठी तयार केलं नाही असं त्यांना वाटतं. शिक्का मारण्याची सवय आणि तयारीचा अभाव, आमच्या मते, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. जे हाताळता येत नाही त्याचा दोष समोरच्याला देणं सोपं असतं.

वेगवेगळ्या शाखांच्या थेरपिस्टमध्ये फरक असतो का?

सुरुवातीच्या कल्पनांचा ठसा राहतो. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथी मांडली, डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये कायरोप्रॅक्टिक सुरू केलं. दोन्हींच्या मुळाशी रचनेतला बिघाड हाताने दुरुस्त करण्याची कल्पना होती. फिजिओथेरपीत सिरिॲक्स, काल्टेनबॉर्न, मेटलंड, मॅकेन्झी यांच्या पद्धती आल्या. त्यातही दुखऱ्या ऊतीचा किंवा सांध्याचा शोध हाच पाया होता, जरी मेटलंड यांनी रुग्णाचं बारकाईने ऐकण्यावर भर दिला.

एक सावधगिरी. ‘आमची शाखा मुळातच समग्र आहे’ हे वाक्य तिन्हीकडे ऐकू येतं. अनेकदा समग्र म्हणजे गुडघा दुखत असताना माकडहाडही तपासणं, एवढाच अर्थ असतो. अख्खं शरीर पाहणं आणि अख्खा माणूस पाहणं यांत अंतर आहे.

अनुभव वाढला की दृष्टिकोन आपोआप बदलतो का?

खात्री नाही. बरे न झालेले रुग्ण बऱ्याचदा परत येत नाहीत, तक्रारही करत नाहीत. वीस वर्षांचा अनुभव अशाने एकतर्फी राहू शकतो.

थेरपिस्टचा दृष्टिकोन मोजतात कसा?

सर्वाधिक वापरली जाते ती पॅब्स-पीटी ही प्रश्नावली. ओस्टेलो आणि सहकाऱ्यांनी ती २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये तयार केली. पुढच्या १९ विधानांच्या आवृत्तीत १० विधानं जैववैद्यकीय कल (दुखणं म्हणजे शरीरातला बिघाड) मोजतात आणि ९ जैव-मनो-सामाजिक कल. प्रत्येक विधानाशी किती सहमत, ते सहा पायऱ्यांवर सांगायचं. दुसरी एचसी-पेअर्स, जी दुखणं म्हणजे कामात अडथळा येणारच या समजुतीवर बोट ठेवते.

वापरताना तीन ठिकाणी फसगत होते. पहिलं, दोन्ही कल एकाच पट्टीची दोन टोकं मानणं. तसं नाही. एखाद्याचे दोन्हीकडे गुण जास्त असतात, म्हणजे तो ‘झीज हेच कारण’ही मानतो आणि ‘ताणाने वाढतं’ हेही. अशी माणसं पुष्कळ आहेत. दुसरं, कोर्स संपल्याच्या दुपारीच फॉर्म भरून घेणं. त्यातून मोजलं जातं ते बरोबर उत्तर कोणतं हे कळल्याचं प्रमाण. तिसरं, फॉर्मवरून वर्तनाचा अंदाज बांधणं. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण किंवा केसपेपर पाहिल्याशिवाय वर्तन कळत नाही.

दोन दिवसांच्या कार्यशाळेने फरक पडतो का?

प्रश्नावलीवरचे गुण हलतात. क्लिनिकमधलं वागणं त्याहून कमी हलतं. रुग्णाच्या दुखण्यापर्यंत पोहोचतं ते आणखी कमी.

तुलनेसाठी ऑस्ट्रेलियातली रिस्टोर ही चाचणी घ्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली. तीत दीर्घकालीन कंबरदुखीच्या ४९२ जणांना घेतलं होतं. ‘कॉग्निटिव्ह फंक्शनल थेरपी’ (समजुती, भीती आणि हालचाल एकत्र हाताळणारा उपचार) देणाऱ्या १८ फिजिओथेरपिस्टना आधी सुमारे ८० तासांचं प्रशिक्षण दिलं गेलं. उपचार १२ आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटी आणि २६व्या आठवड्याला एक उजळणीची भेट, एवढाच. नेहमीच्या उपचारांपेक्षा यातल्या रुग्णांच्या हालचालींवरची बंधनं स्पष्टपणे कमी झाली आणि तो फायदा वर्षभरानंतरही दिसला. तुलना नेहमीच्या उपचारांशी होती, दुसऱ्या तितक्याच तासांच्या उपचाराशी नव्हे, हे लक्षात ठेवावं. तरी ८० तास आणि दोन दिवस यांतलं अंतर उघड आहे.

मग अभ्यासक्रमात काय बदलायचं? सगळं नव्याने लिहिणं शक्य नसतं.

नव्याने लिहायची गरज नाही. सुरुवात परीक्षेपासून करा, कारण बाकीचं सगळं तिच्या मागे फिरतं. तंत्राच्या एका स्टेशनला (प्रॅक्टिकल परीक्षेतल्या ठरावीक वेळेच्या टप्प्याला) जोडूनच संवादाचं काम द्या. दहा मिनिटांच्या स्टेशनमध्ये चार मिनिटं मुलाखत, चार मिनिटं तपासणी व तंत्र आणि दोन मिनिटं रुग्णाला समजावणं. गुणांचा किमान तिसरा हिस्सा मुलाखत आणि समजावण्याला. संवादाचं स्टेशन वेगळं ठेवलं तर विद्यार्थी तिथे छान बोलतो आणि शेजारच्या तंत्राच्या स्टेशनवर तोंड मिटून मणका शोधत बसतो.

दुसरं काम केसपेपरचं. ‘मनोसामाजिक इतिहास’ ही ओळ काढा आणि चार ठरलेले रकाने घाला : रुग्णाच्या मते कारण काय, कशाची भीती, काय करणं सोडलं आहे, घर व काम यांतला मुख्य अडथळा. शक्यतो रुग्णाच्याच शब्दांत. कोरी ओळ ‘काही नाही’ने भरता येते, ‘रुग्णाच्या मते कारण’ हा रकाना विचारल्याशिवाय भरता येत नाही.

तिसरं, ध्वनिमुद्रण. रुग्णाच्या संमतीने प्रत्येक विद्यार्थ्याच्या दोन-तीन मुलाखती मुद्रित करून वरिष्ठांसोबत ऐकायच्या. पूर्ण तास ऐकत बसू नका, पहिली पाच मिनिटं पुरतात. विद्यार्थ्याने पहिल्यांदा कधी तोडलं, भावनेचा धागा कुठे सुटला, कोणता शब्द घाबरवणारा होता, एवढंच टिपायचं.

चौथं काम सर्वांत अवघड : देखरेख करणाऱ्यांना शिकवणं. महाविद्यालयात काहीही शिकवा, वॉर्डात वरिष्ठ ‘ही बाई नाटक करते’ म्हणाले की धडा तिथेच संपला.

मुलाखतीत नेमकं काय विचारायला शिकवावं?

आधी गप्प बसायला शिकवावं. १९८४ च्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात डॉक्टर रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत तोडत होते. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांना न तोडता ऐकायला सांगितलं, तर रुग्ण सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. ‘बोलू दिलं तर तास जाईल’ ही भीती दीड मिनिटाची आहे.

मग हे प्रश्न, साधारण याच क्रमाने :

– ‘हे कशामुळे होतंय असं तुम्हाला वाटतं?’
– ‘आतापर्यंत कुणी काय काय सांगितलं?’
– ‘यातलं सगळ्यात जास्त काळजीचं काय वाटतं?’
– ‘दुखतंय म्हणून काय करणं बंद केलंय?’
– ‘झोप कशी आहे? घरी, कामावर याचं काय होतं?’

‘ताण आहे का?’ हा प्रश्न मात्र टाळा. उत्तर ‘नाही’ येतं आणि दार बंद होतं. ‘वाकायला भीती वाटते का?’ यापेक्षा ‘ही पिशवी उचलायची म्हटलं तर मनात काय येतं?’ हे बरं, आणि विचारताना पिशवी खरोखर समोर असावी. चेहरा आणि श्वास उत्तर देतात.

प्रश्नावल्या भरून घ्याव्यात का? कोणत्या?

एक पुरते. कंबरदुखी रेंगाळण्याचा धोका मोजणाऱ्या ‘स्टार्ट बॅक’ या प्रश्नावलीत ९ प्रश्न आहेत. एकूण गुण ३ पर्यंत असतील तर धोका कमी. ४ किंवा जास्त असतील तर शेवटच्या पाच प्रश्नांचे गुण वेगळे पाहायचे : ३ पर्यंत मध्यम, ४ किंवा ५ असतील तर जास्त. त्याच कामाच्या ‘ओरेब्रो’ प्रश्नावलीची छोटी आवृत्ती १० प्रश्नांची, गुण १०० पैकी, आणि ५० च्या वर गेल्यास दुखणं रेंगाळण्याची शक्यता अधिक धरतात. एखाद्या गोष्टीत खोल जायचं असेल तर विपरीत विचारांसाठी १३ प्रश्नांची पेन कॅटास्ट्रोफायझिंग स्केल (० ते ५२) आणि हालचालीच्या भीतीसाठी १७ प्रश्नांची टॅम्पा स्केल (१७ ते ६८).

चूक होते ती पुढे. फॉर्म फाइलला लागतो आणि उपचार तोच राहतो. किंवा जास्त गुणांचा अर्थ ‘अवघड रुग्ण’ असा लावला जातो. फॉर्म हातात घेऊन ‘तुम्ही इथे लिहिलंय की हे कधीच बरं होणार नाही, त्याबद्दल सांगा’ असं म्हटलं तरच त्याचा उपयोग.

आमच्या शब्दांनी खरंच दुखणं वाढतं?

शब्दांमुळे भीती वाढते, भीतीने हालचाल घटते आणि त्यातून दुखणं लांबतं. ‘मणका सरकलाय’, ‘(मणक्यांमधली) गादी दबली’, ‘साठीच्या माणसासारखी पाठ झालीय’ ही वाक्यं रुग्ण वर्षानुवर्षं जपून ठेवतात. ती येतात कुठून? आपल्याच पाठ्यपुस्तकातल्या चित्रांतून.

२०१५ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार, काहीही न दुखणाऱ्यांच्या स्कॅनमध्येसुद्धा गादीची झीज विशीत ३७ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के लोकांत दिसते. गादी फुगलेली दिसण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर जातं. हे आकडे विद्यार्थ्याच्या तोंडी असले की ‘झीज’ऐवजी ‘वयानुसार होणारे बदल, केस पिकतात तसे’ हे वाक्य त्याला खात्रीने म्हणता येतं. ‘जपून वाका’ऐवजी ‘वाकायला हरकत नाही, थोडं थोडं वाढवू’. ‘मी बसवलं’ऐवजी ‘आता सैल झालंय, तुम्हीच हलवून बघा’.

मग हातांनी उपचार करणं सोडायचं का?

नाही. तंत्राने वेदना कमी होते, पण त्याचा मोठा भाग मज्जासंस्थेतून घडतो, हाड जागेवर बसवल्याने नाही. म्हणून तंत्र तेच ठेवून त्याचा अर्थ आणि जागा बदलायची. हात लावून दुखणं जरा उतरलं की त्याच मिनिटाला रुग्णाला ती टाळलेली हालचाल करायला लावा, तीन-चार वेळा, पलंगावरून उतरून, उभं राहून, कपडे घालायच्या आधी. हा क्षण सोडला की फायदा थेरपिस्टच्या हातांच्या नावावर जमा होतो आणि पुढच्या आठवड्यात रुग्ण ‘पुन्हा सरकलं’ म्हणत परत येतो.

हे आमच्या कामाच्या कक्षेत बसतं का? आम्ही मानसोपचारतज्ज्ञ नाही.

दुखण्याविषयीची भीती, समजुती, कामावर परतण्याच्या अडचणी, हालचालीचा आत्मविश्वास हे कक्षेत आहे. तीव्र नैराश्य, आघातानंतरचा मानसिक त्रास, व्यसन हे नाही. आत्महत्येचे विचार असल्याची शंका आली तर सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. होकार आला तर रुग्णाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी योग्य ठिकाणी पोहोचवा. कुणाला फोन करायचा हे भिंतीवर आधीच लिहिलेलं असावं.

‘म्हणजे माझं दुखणं खोटं का?’ असं रुग्णाने विचारलं तर?

बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. आधी नीट तपासा, हात लावा, काय ठीक आहे ते सांगा. त्यानंतर रुग्णाच्याच बोलण्यातला धागा उचला : ‘तुम्ही म्हणालात, झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं.’ तपासणीआधी झोप, ताण, घर विचारून मोकळं झालात तर शंका येणारच.

वेदनाशास्त्र शिकवलं की काम झालं, असं समजावं का?

नाही, आणि इथे उलट्या टोकाचाही धोका आहे. नवं काही शिकलेला विद्यार्थी ‘सगळं मेंदूत असतं’ म्हणत फिरतो आणि रेड फ्लॅग (गंभीर आजाराच्या धोक्याच्या खुणा) न तपासताच पुढे जातो. मलमूत्रावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरता, पायांतली वाढती कमजोरी, कर्करोगाचा इतिहास, कारण नसताना वजन घटणं, ताप, मोठी इजा, हे आधी तपासायचं ते तपासायचंच.

दुसरी गळती सामाजिक बाजूची. अनेक कोर्स समजुती बदलण्यावर थांबतात. जो माणूस दिवसाचे बारा तास उभा राहून काम करतो आणि रजा घेतली तर पगार बुडतो, त्याला मज्जासंस्थेचं चित्र दाखवून भागत नाही. त्याच्याशी विश्रांतीच्या वेळा, काम वाटून घेणं, मालकासाठी नेमकं पत्र, व्यायाम कामातच कसा बसवायचा, हे बोलावं लागतं.

भेटीला वीसच मिनिटं असतात. कसं जमवायचं?

सगळं पहिल्या भेटीत करू नका. पहिल्या भेटीत पाच प्रश्नांतले पहिले तीन, बाकीचे तंत्र चालू असताना. पालथं झोपलेला माणूस समोरासमोर बसल्यापेक्षा बरेचदा मोकळं बोलतो. अवघड गोष्ट निघाली तर मात्र हात थांबवा आणि त्याला उठून बसू द्या.

आमच्या विभागात खरंच बदल झालाय का, हे कसं ओळखावं?

सहा महिन्यांनी न सांगता दहा केसपेपर काढा. किती पेपरांत रुग्णाचे स्वतःचे शब्द आहेत ते मोजा. त्यातल्या किती पेपरांत त्या शब्दांमुळे उपचाराच्या आराखड्यात काही बदललं तेही मोजा. पहिला आकडा लवकर वाढतो. दुसरा वाढत नसेल तर विद्यार्थ्यांना विचारण्याआधी त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांचे दहा केसपेपर काढून पाहा.